उंची संगीतयंत्रे आणि त्यांचे रिमोट

रिमोट कंट्रोल हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण दोन-चार लाखांचा अँप्लिफायर घरी आणणारा गृहस्थ त्या यंत्राला दिवसातून कितीदा हात लावतो? बहुधा एकदाही नाही. त्याचा हात लागतो तो रिमोटला. आणि तोच पुष्कळदा खोक्यातून निघतो असा हलका आणि पोकळ, की एखाद्या साध्या टीव्हीबरोबरचा वाटावा.

याला नुसता चिक्कूपणा कारण नाही. प्लास्टिकची वस्तू ओतायची म्हणजे आधी पोलादी साचा करावा लागतो. लाखभर नगांवर वाटला तर साच्याचा खर्च जाणवत नाही. पण उंची यंत्रांचा लहान कारखानदार वर्षाकाठी काहीशेच यंत्रे विकतो. मग तो तयार रिमोट घेऊन त्यावर आपले नाव छापतो. फिलिप्स कंपनीच्या ‘आरसी-५’ या सांकेतिक भाषेने ही सोय फार वाढवली. तीत एक आज्ञा १४ बिटांची असते. त्यांतले ५ बिट यंत्र कोणते ते सांगतात, ६ बिट काम कोणते ते. १६ हा अँप्लिफायरचा क्रमांक, २० हा सीडी प्लेअरचा. अनेक युरोपीय कारखानदारांनी ही भाषा उचलल्यामुळे एकाचा रिमोट दुसऱ्याचा अँप्लिफायर चालवतो, अशी गंमतही घडते.

काही कारखानदार याच्या अगदी उलट टोकाला जातात. ते अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून रिमोट कोरून काढतात. हातात घेतला की वजनाने मन भरते. पण वर पाहावे तो वीस-पंचवीस बटणे, सगळी सारखीच वाटोळी! अंधारात बोटाने ओळखायचे कसे? माझ्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षकांची दृष्टी अधू झाली आहे. रात्री गाणे हळू करायला जावे आणि आवाज एकदम चढावा, शेजारी जागे व्हावेत, असे दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी रेडिओच बरा म्हणून यंत्र लावणे सोडले होते. शेवटी सुनेने आवाज कमी करण्याच्या बटणावर आपली एक टिकली चिकटवून दिली, तेव्हा त्यांचे गाणे पुन्हा सुरू झाले.

१९५६ साली झेनिथ कंपनीने आणलेला, रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा ‘स्पेस कमांड’ हा टीव्हीचा रिमोट या बाबतीत पाहण्यासारखा होता. त्याला बॅटरीच नव्हती. बटण दाबले की आतली हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर बसे आणि कानाला न ऐकू येणारा उच्च नाद टीव्हीकडे जाई. बटणे मोजकी, आणि प्रत्येक दाबाचा टिचकीसारखा आवाज. आज्ञा गेली हे बोटालाच कळे.

मात्र सगळा दोष रिमोटच्या माथी मारू नये. काही अँप्लिफायरांत आवाजाची खुंटी एक छोटी मोटर फिरवते. ती मोटर उतावळी असली, तर उत्तम रिमोटनेही आवाज हवा तेथे थांबत नाही. रिमोट मुळात चालतो की नाही, हे पाहणे सोपे आहे. त्याचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट लुकलुकताना दिसतो.

खरेदीला जाल तेव्हा आणखी एक विचारा. डाव्या-उजव्या आवाजाचा तोल, पडद्यावरची मांडणी, अशा गोष्टींची बटणे काही यंत्रांवर नसतातच, केवळ रिमोटवर असतात. असा रिमोट हरवला, तर लाखांचे यंत्र अर्धे लुळे होते. तो सुटा मिळतो काय आणि केवढ्याला, हे पैसे मोजण्यापूर्वीच दुकानदाराकडून लिहून घ्यावे.