अंगणवाडीत नुसतं खेळवतात का?

बचत गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना आपण कारण लिहितो. बी-बियाणं, शेळी, आजारपण, घरदुरुस्ती. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक कारण वारंवार यायला लागलं आहे, ते म्हणजे मुलाची केजीची फी. मूल तीन-साडेतीन वर्षांचं असतं, गावात अंगणवाडी असते, तरी व्हॅनने तालुक्याला पाठवायचं असतं. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंगणवाडीत काय, नुसतं खेळवतात. शिकवत काहीच नाहीत."

आजचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. कारण त्यात आपला पैसा अडकला आहे आणि आपल्या लेकराचं बालपणही.

आधी एक साधी गोष्ट पाहू. चार वर्षांचं मूल एक ते शंभर धडाधड म्हणून दाखवतं. पाहुण्यांसमोर आपल्याला कौतुक वाटतं. आता त्यालाच सांगा, "बाळा, चार माणसं जेवायला बसलीत, चार वाट्या आण." पुष्कळदा ते हातात येतील तेवढ्या वाट्या आणतं. म्हणजे आकड्यांचं गाणं पाठ झालं, पण चार म्हणजे किती हे कळलं नाही. जे मूल रोज भातुकलीत चार बाहुल्यांपुढे चार पानं मांडतं, त्याला शंभरपर्यंत येत नसेल, पण चार कळलेलं असतं. गणिताचा पाया तिथे पडतो.

असंच प्रत्येक खेळाचं आहे. मणी ओवताना किंवा चिकणमातीची भाकरी थापताना बोटांना बळ येतं, डोळा आणि हात एकत्र काम करायला शिकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून घडत असतात. त्या हातात पेन्सिल देऊन पानभर 'अ' गिरवायला लावला, तर हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा बसतो. आधी माती, मणी, खडूने फरशीवर मोठ्या रेघा, मग पेन्सिल, असा हा क्रम आहे.

चिंचोके, वाल आणि मक्याचे दाणे एकत्र करून वेगवेगळे करायला लावले की मूल सारखं काय, वेगळं काय हे पारखतं. पुढे 'प' आणि 'ष' यांतला फरक ओळखायला हीच नजर लागते. एक चिंचोका, एक मणी, पुन्हा चिंचोका, आता पुढे काय? असा नमुना पुढे नेणं म्हणजे विचार करायला शिकणंच. गोष्ट ऐकणं, बडबडगीत म्हणणं यातून शब्द वाढतात. ज्या मुलाजवळ शब्द भरपूर, ते पुढे वाचायला लवकर शिकतं. लंगडी, रेघेवरून चालणं यातून तोल येतो. आणि झोक्यासाठी रांगेत थांबताना जे शिकायला मिळतं, ते कुठल्या पुस्तकात नाही : आपली पाळी येईपर्यंत धीर धरायचा.

हे काही आजचं, बाहेरून आलेलं खूळ नाही, बरं का. अंगणवाडी ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तिथल्या वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरी पद्धतीचं साहित्य महाग, ते कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतूनच साहित्य तयार केलं. जिथे मूल, तिथे शिक्षण. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. या योजनेच्या सहा सेवा आहेत. पूरक आहार आणि लसीकरण आपल्याला माहीत असतं. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण हीसुद्धा त्यातली एक सेवा आहे. खिचडी मागतो तसं तेही हक्कानं मागायला हवं.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही हेच सांगतं. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, म्हणून तिसऱ्या वर्षापासून खेळातून आणि शक्यतो घरच्या भाषेतून शिक्षण द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी जे काही बोलत असेल, त्या भाषेत ते मोकळं होतं, प्रश्न विचारतं. न कळणाऱ्या भाषेत ते गप्प बसतं आणि आपण म्हणतो, किती शिस्तीचं आहे!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळातून शिक्षण म्हणजे मुलांना मोकळं सोडून देणं नव्हे. सेविकाताई रजिस्टर भरते आहे, मोबाईलवर माहिती टाकते आहे आणि मुलं दाराशी बसून आहार शिजायची वाट पाहत आहेत, याला खेळ म्हणत नाहीत. चांगल्या अंगणवाडीत खेळामागे योजना असते. ताई साहित्य मांडते, काही वेळ मुलांना हवं ते खेळू देते, काही वेळ स्वतः सोबत खेळते आणि प्रश्न विचारते : "हे पान त्या पानापेक्षा वेगळं कसं?" "आता काय होईल?" कोणतं मूल बोलत नाही, कोण मागे राहतं, हे तिच्या लक्षात येतं. ताईवर कामाचा बोजा फार आहे, हे खरं. म्हणूनच तिला आपली साथ लागते.

ती साथ गट कशी देऊ शकतो?

पहिलं म्हणजे पाहायला जा. काही गट अंगणवाडीचा गरम आहार शिजवतात. आहार पोचवताना दहा मिनिटं थांबा. मुलांच्या हातात साहित्य आहे का, मुलं बोलतायत का, हे बघा.

दुसरं, साहित्य गोळा करा. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, शिवणकामातल्या चिंध्या, जुने डबे, नारळाच्या करवंट्या. पैसा लागत नाही. मात्र काळजी घ्या. सगळं धुऊन द्या, धारदार काही नको. बारीक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती पडू देऊ नका. खेळ झाल्यावर चिंचोके मोजून ठेवायचे, म्हणजे नाकात, तोंडात काही गेलं नाही याची खात्री होते.

तिसरं, महिन्यातून एक दिवस एकेकीनं गोष्ट सांगायला जावं. आजीबाईंना तर जरूर पाठवा.

चौथं, ग्रामसभेत बोला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून अंगणवाडीला सतरंजी, खेळणी, कुंपण मिळावं, असा ठराव मांडा आणि तो लिहून घ्या.

आणि पाचवं घरातलं. मूल परत आलं की "आज काय लिहिलं?" असं विचारू नका. "आज कुणाबरोबर खेळलास? काय केलं?" असं विचारा. मग बघा, ते किती बोलतं.

शेवटी एक मनातलं सांगते. काही घरांत मुलगा व्हॅनने केजीला जातो आणि मुलगी अंगणवाडीत. म्हणजे अंगणवाडी ही मुलींसाठीची स्वस्तातली सोय असं आपणच ठरवून टाकतो. मग मुलं कमी होतात, अंगणवाडीकडे कुणी लक्ष देत नाही आणि ती खरोखरच ढासळते. त्याचा तोटा, ज्यांना दुसरा पर्याय नाही त्या लेकरांना होतो, आणि त्यांत मुलीच जास्त असतात. त्यापेक्षा घरातली दोन्ही मुलं जातील अशी अंगणवाडी आपण करून घेऊ. पुढच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचून झाले की हा विषय नक्की घ्या.