विश्लेषण : काजव्यांच्या सहलीचे पैसे गावात किती राहतात?

मे संपत आला की मोबाइलवर एक फोटो फिरू लागतो. काळेभोर झाड आणि त्यावर हजारो पिवळे ठिपके. खाली लिहिलेले असते : 'शनिवारी रात्री निघणार, रविवारी पहाटे परत, मर्यादित जागा.' कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील भंडारदरा, घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात काजवे पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिकहून निघणाऱ्या अशा सहली गेल्या काही वर्षांत भरपूर वाढल्या आहेत. त्या नेणारे बहुतेक व्यवसाय अगदी छोटे असतात : दोन-तीन मित्र, एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर. यांतले अनेक जण स्वतःला 'जबाबदार पर्यटन' करणारे म्हणवतात. या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात काय होतो?

कायदा छोट्या व्यावसायिकाला काय सांगतो?

'सामाजिक जबाबदारी' म्हटले की सीएसआर आठवतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शनिवार-रविवारी सहली नेणारा तरुण या आकड्यांच्या आसपासही नाही. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे, पण त्याचा मुख्य भर पर्यटकांच्या सुरक्षिततेवर आहे. अभयारण्यात वन विभागाचे नियम लागू होतात. मात्र तिकिटाच्या रकमेतून गावाला किती द्यायचे, हे कोणी ठरवून दिलेले नाही. ते आयोजकाच्या मनावर आहे.

हिशेब मांडून पाहू

अभियांत्रिकी शिकल्याचा एवढाच उपयोग उरला आहे, की कुठलीही गोष्ट दिसली की एक्सेल उघडावीशी वाटते. पुढचे आकडे कोणा एका आयोजकाचे नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, १७ आसनांची गाडी आहे. १५ ग्राहक आणि २ लीडर. प्रत्येकी १,५०० रुपयांप्रमाणे जमा झाले २२,५००. गाडी १०,०००, लीडरचे मानधन २,०००, जाहिरात आणि इतर खर्च १,५००, प्रवेश शुल्क ८००. गावात एका घरी रात्रीचे जेवण आणि चहा, माणशी २५० रुपये. चालकासह १८ माणसे, म्हणजे ४,५००. आयोजकाकडे उरले ३,७००. गावात राहिले ४,५००, म्हणजे शंभर रुपयांतले वीस. त्यातूनही डाळ, तेल आणि गॅस बाहेरूनच आणलेला. पर्यटनाच्या अभ्यासात याला 'गळती' म्हणतात : पर्यटक येतो गावात, पैसा जातो दुसरीकडे.

आता त्याच गाडीत एक लीडर कमी करून गावातला वाटाड्या घेतला, तर एक आसन मोकळे होते. ग्राहक १६ झाले. रात्री दीड वाजता परत निघण्याऐवजी गावातच मुक्काम केला आणि दर १,८०० ठेवला. जमा झाले २८,८००. चालकाच्या मुक्कामाच्या भत्त्यासह गाडी १०,५००, लीडर १,०००, जाहिरात आणि इतर खर्च १,५००, प्रवेश शुल्क ८५०. जेवण तेवढेच, ४,५००. मुक्काम माणशी २५० प्रमाणे आणखी ४,५०० आणि वाटाड्याचे १,०००. गावाचा वाटा झाला १०,०००, म्हणजे शंभरातले जवळपास ३५. आयोजकाकडे उरतात ४,९५०, आधीपेक्षा जास्तच. ग्राहकाला ३०० रुपये जादा मोजावे लागले, पण झोप मिळाली. चालकालाही मिळाली, आणि घाटाच्या रस्त्यावर ती गोष्ट किरकोळ नाही.

अर्थात एक लीडर कमी करायचा तर उरलेल्याला प्रथमोपचार आले पाहिजेत. आणि ३०० रुपये जास्त म्हटल्यावर निम्मे ग्राहक शेजारच्या ग्रुपकडे वळतात, ही आयोजकांची अडचणही खरी आहे. सगळ्यांची स्पर्धा दरावर चालते, आणि दर कमी करायचा म्हटला की पहिली कात्री गावाच्या वाट्याला लागते. गाडीचा मालक भाडे कमी करत नाही, जेवण करून घालणारी बाई करते.

काजव्यांना नेमका त्रास कशाचा होतो?

काजव्याचा प्रकाश ही त्याची भाषा आहे. पोटाच्या टोकाकडील भागात ल्युसिफेरिन या द्रव्याची ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि जवळपास उष्णता न निर्माण करणारा प्रकाश बाहेर पडतो. नर ठरावीक लयीत लुकलुकतो, गवतात किंवा झुडपात बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे असते आणि त्याला उरकायचे असते ते एकच काम : जोडीदार शोधणे. त्याआधीचे बरेच महिने त्याची अळी ओलसर माती-पालापाचोळ्यात गोगलगायींसारख्या मऊ जिवांवर जगते.

अशा ठिकाणी गाडीचा हेडलाइट किंवा मोबाइलची टॉर्च पडली, तर संवादच तुटतो. गोंगाटात फोनवर बोलण्यासारखे म्हणा. पायवाट सोडून झाडाखाली घुसणारा माणूस मादी, अंडी आणि अळ्या यांवरूनच चालत असतो, आणि अंधारात त्याला ते कळतही नाही. काजव्यांचा हंगाम मेच्या उत्तरार्धापासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंतचा. त्यातही गर्दी होते ती चार-पाच शनिवारी. म्हणजे विणीच्या मोजक्या रात्री आणि आपल्या सुटीच्या मोजक्या रात्री एकच आहेत.

गेल्या जूनमध्ये मी अशाच एका ग्रुपबरोबर गेलो होतो. रस्त्यावर गाड्यांची रांग, एका गाडीत मोठ्याने गाणी, आणि आमच्याच ग्रुपमधली काही मुले वैतागलेली. कारण झाड फोटोतल्यासारखे दिसत नव्हते. दिसणारही नव्हते. जाहिरातीतले बरेचसे फोटो कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवून काढलेले किंवा अनेक फोटो एकमेकांवर चढवून तयार केलेले असतात. अर्ध्या तासाचे लुकलुकणे एका चित्रात साठवलेले असते. डोळ्याला दिसते ते वेगळे : एक झाड उजळते, विझते, मग शेजारचे. ते सुंदरच असते, पण त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे अंधारात गप्प उभे राहून डोळ्यांना सवय होऊ द्यावी लागते. फोटो पाहून आलेल्या माणसाकडे तेवढा धीर नसतो. तो मोबाइल काढतो, फोटो येत नाही, मग फ्लॅश पाडतो. आमच्या लीडरने तीनदा 'टॉर्च बंद' म्हणून सांगितले. चौथ्यांदा सांगितले नाही, कारण रेटिंग द्यायचे काम आमच्याच हातात होते.

त्यामुळे आयोजकाची जबाबदारी झाडाखाली नव्हे, जाहिरातीपासूनच सुरू होते, असे माझे मत झाले आहे. 'हा फोटो लाँग एक्स्पोजरचा आहे' एवढी एक ओळ लिहायला पैसे पडत नाहीत. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिन पेपर लावणे, गाडी गावातच उभी करून पुढे चालत जाणे, वाटाड्याचा शब्द अखेरचा मानणे, हेही जवळपास फुकटच आहे.

वेळासने काय वेगळे केले?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास पूर्वी नाना फडणवीसांचे गाव म्हणून माहीत होते. आता ते कासवांचे गाव आहे. ऑलिव्ह रिडले कासवे येथील किनाऱ्यावर अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये येथे संवर्धन सुरू केले. अंडी सुरक्षित कुंपणात हलवायची, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला.

महत्त्वाची आहे ती पुढची गोष्ट. किनाऱ्यावर तंबूंची वसाहत उभी राहिली नाही. पाहुणे गावातल्या घरांत उतरले, घरचेच जेवण जेवले. वेशवी-बागमांडला फेरीबोटीतून पुण्याचे पर्यटक येतात, त्यांना नेणारे छोटे आयोजकही आहेत. पण झोपणे आणि जेवणे गावाच्या हातात राहिले. त्यामुळे अंडे टिकले तर पुढच्या वर्षी पाहुणा, हे गणित घराघरात पोहोचले. पूर्वी हीच अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री उकरून नेत असत.

दुसरे म्हणजे हमी दिली जात नाही. सकाळी आणि सायंकाळी पिल्ले सोडतात, पण त्या दिवशी घरट्यातून एकही बाहेर आले नाही तर पाहुणा रिकाम्या हाताने परततो. पाहुण्यांना हे आवडत नाही, पण कासवाला वेळापत्रक लावता येत नाही.

काजव्यांच्या पट्ट्यातही असा प्रयोग झाला आहे. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत 'ग्रासरूट्स' या उपक्रमाने जवळपास दोन दशकांपूर्वी गावकऱ्यांच्या साथीने घरगुती मुक्काम सुरू केला. वाटाडेही गावचेच. केरळने कुमरकोम येथे २००८ च्या सुमारास हॉटेलांना स्थानिकांकडून भाजीपाला घ्यायला लावून हेच मोठ्या प्रमाणावर केले. तेथे सरकार पाठीशी होते. आपल्याकडे मात्र छोट्या आयोजकाला सगळे एकट्याने जुळवावे लागते.

मर्यादा घालणे व्यवहार्य आहे का?

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. फुलांच्या हंगामात तेथे ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा अशी पद्धत आणली गेली. व्यवस्था आजूबाजूच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे. सगळेच सुरळीत चालते असे नाही, पण आकडा ठरवता येतो हे तरी कळले. काजव्यांच्या बाबतीत झाडे विखुरलेली आणि रस्ते अनेक आहेत, त्यामुळे ते अवघड आहे. गावाने रात्रीच्या गाड्यांची संख्या ठरवली आणि आयोजकांनी आपापसांत शनिवार वाटून घेतले, तर काही होईल. आज तरी ते एकमेकांचे ग्राहक पळवण्यात गुंतलेले आहेत.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

जेवण कोणाच्या घरी आहे आणि माणशी किती दिले जातात, वाटाडा गावचा आहे का, गाडी कुठे थांबणार. या तीन प्रश्नांची उत्तरे लगेच आली तर बरे. 'सर, ते आम्ही मॅनेज करतो' असे उत्तर आले, तर मात्र पुढचा ग्रुप पाहावा.

चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : पाऊस आधीच आला आणि सहल रद्द झाली तर? ग्राहकाच्या परताव्याचे नियम जाहिरातीत असतात. ज्या घराने १८ जणांसाठी तांदूळ, पीठ, भाजी आणून ठेवली, त्याच्यासाठी काही लिहिलेले नसते. जेवणाची निम्मी रक्कम आदल्या दिवशीच यूपीआयने पाठवायची, तर वरच्या हिशेबात ती होते २,२५० रुपये. म्हणजे एका ग्राहकाच्या तिकिटाची सव्वापट.