ग्रिलमधली पपई आणि मचूळ पाणी

वसई म्हटले की जुन्या माणसांना केळीच्या वाड्या, पानवेली आणि रहाट आठवतात. राजेळी केळी वाळवून केलेली आगाशीची सुकेळी आजही नावाजलेली आहेत. परंतु नालासोपारा-विरारच्या चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या आपल्या कष्टकरी कुटुंबांच्या वाट्याला वाडी येत नाही. येते ती पत्र्याखालची पडवी, नाहीतर खिडकीची ग्रिल. तेथे ड्रममध्ये पपई, पेरू, लिंबू लावण्याची हौस आपल्या अनेक घरांत दिसते. हौस चांगली आहे, मुलांच्या ताटात घरचे फळ येते. मात्र पुष्कळ ठिकाणी झाड वर्षभरात करपते आणि "माझ्या हाताला यश नाही" असे घरातली गृहिणी म्हणते. दोष तिच्या हाताचा नसून माती-पाण्याचा असतो, हेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

थंड देशांत उष्ण प्रदेशातील फळझाडे जगविण्यासाठी काचेची हरितगृहे बांधतात. आपल्याकडे पॉलिहाऊस किंवा शेडनेट उभारतात ते मुख्यतः कडक ऊन, जोराचा पाऊस आणि कीड यांपासून रक्षण म्हणून. वर प्लास्टिक किंवा पत्रा असलेली आपली ग्रिल हे एक लहानसे हरितगृहच होय. पण छपराखाली पाऊस पडत नाही, ही गोष्ट आपण विसरतो. उघड्यावरच्या झाडाच्या मुळाशी साठलेला क्षार पावसाळ्यात धुऊन निघतो. छपराखाली पाणी उडून जाते आणि मीठ मातीतच राहते.

वसईत हा प्रश्न अधिक बिकट आहे. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. वरून बेसुमार उपसा झाला की खालचे खारे पाणी वर सरकते. 1980 च्या दशकात टँकरसाठी विहिरींचा उपसा वाढला. हरित वसईच्या आंदोलनात पाणी हा एक मोठा मुद्दा होता. पावसाचे पाणी जमिनीत मुरविणारी बावखले बुजविली गेली, त्यानेही हानीच झाली. आज नळाचे पाणी पुरेसे येत नाही तेथे बोअरवेल आणि टँकर यांवरच भागवावे लागते. हे पाणी मचूळ असेल तर झाडाला रोज थोडे थोडे मीठ मिळते.

हे ओळखावे कसे? पानांची टोके व कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात, मातीवर पांढरा थर धरतो. हा क्षार समजावा. उलट माती सदैव ओली, खालची पाने पिवळी आणि बुंधा मऊ पडत असेल तर पाणी जास्त झाले आहे. पपईच्या मुळाशी एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी मुळे कुजू लागतात. केळीला पाणी भरपूर लागते, परंतु तुंबलेले पाणी तिलाही सोसत नाही.

मातीबाबत सांगायचे तर, इमारतीच्या भरावाची माती व खाडीची रेती घेऊ नये. चांगली लाल माती, कुजलेले शेणखत आणि नदीची रेती किंवा धुतलेला नारळाचा भुसा समप्रमाणात मिसळावा. ड्रमच्या तळाला सहा-आठ भोके पाडावीत. पपईसाठी दीड फूट तरी खोली हवी.

पाणी घड्याळ पाहून न देता बोट पाहून द्यावे. दोन पेरे बोट मातीत घालावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी खुशाल वापरावे. त्यामुळे पिण्याच्या हंड्याला हात लागत नाही. सोडा-साबणाचे पाणी टाळावे. आरओ फिल्टरमधून बाहेर जाणारे पाणी तर मुळीच घालू नये. फिल्टरने काढलेला सारा क्षार त्यातच असतो. पावसाळ्यात ड्रम काही दिवस उघड्यावर ठेवावा, म्हणजे माती आपोआप धुतली जाईल. तळाची भोके मात्र मोकळी हवीत.

झाड निवडतानाही विचार हवा. लिंबू, केळी, पपई यांना मीठ सोसत नाही. चिकू बराच सोसतो. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्याला जागा लागते, म्हणून तो चाळीच्या सामाईक अंगणात लावावा. पपईच्या काही जातींत नर झाड वेगळे असते, त्याला फळ धरत नाही. एकच ड्रम असेल तर 'रेड लेडी'सारखी जात घ्यावी. माती-पाणी तपासणीची माहिती कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

बंधू-भगिनींनो, एका घराच्या ड्रमाने पाण्याचा प्रश्न सुटणार नाही. पण छपरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी पिंपात धरणे आणि चाळ-सोसायटीने मिळून ते बोअरजवळ जमिनीत मुरविणे, हे आपल्या हातचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या सोसायटीच्या सभेत हा विषय अवश्य मांडावा.