लाकडी रुळांवरचे चक्रीवादळ

उंचावरून एकदम खाली येताना पोटात गोळा येतो. या गोळ्यासाठी माणसे पैसे मोजून रांग लावतील हे ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत लामार्कस थॉम्प्सनचे नाव आधी घ्यावे लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या करमणुकीच्या वस्तीत त्याने १८८४ साली लाकडी रुळांची घसरगाडी सुरू केली. भाडे ५ सेंट आणि वेग ताशी ६ मैल! आज लहान मूलही त्यात कंटाळेल.

वेग वाढवायला अडचण पैशाची नव्हती, चाकाची होती. गाडी रुळांवर नुसती टेकलेली असली, तर टेकाडाच्या माथ्यावर वेगाने जाताना ती उचलली जाणार. जॉन मिलर या अभियंत्याने रुळाच्या खालच्या अंगालाही एक चाक बसवले आणि १९१९ साली त्याचे पेटंट घेतले. आता गाडीने रूळ वरून-खालून धरून ठेवला. माणूस आसनावरून उचलला जाईल, गाडी मात्र सुटणार नाही. धाडसाचे श्रेय लोक उताराला देतात. माझ्या मते ते या न दिसणाऱ्या चाकाचे आहे.

मग कोनी आयलंडवर चढाओढच लागली. १९२५ साली 'थंडरबोल्ट', १९२६ साली 'टॉर्नेडो' आणि २६ जून १९२७ रोजी 'सायक्लोन'. व्हर्नन कीनन याने आखलेला हा सायक्लोन थॉम्प्सनची गाडी जिथे धावत होती तिथेच उभा राहिला. उंची ८५ फूट, वेग ताशी ६० मैलांपर्यंत, पहिला उतार जवळजवळ ६० अंशांचा, भाडे २५ सेंट. गाडीला इंजिन नाही. साखळी तिला माथ्यावर ओढते, आणि चढताना ऐकू येणारा तो खटखट आवाज गाडी मागे घसरू न देणाऱ्या खटक्याचा असतो. ऐकणाऱ्याला धडकी भरवणारा आवाज प्रत्यक्षात सुरक्षिततेचा आहे! पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे.

सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे, तरी त्याला लाकडी म्हणतात ते रुळांमुळे. एकावर एक फळ्या ठोकून वर पोलादाची पातळ पट्टी बसवलेली असते. लाकूड किंचित दबते, कुरकुरते, गाडीला गदगदा हलवते. नव्या पोलादी रुळांवर ही हाडे खिळखिळी करणारी गंमत नाही.

१९७१ साली नगरपालिकेने सायक्लोन १० लाख डॉलरना विकत घेतला. हेतू जतनाचा नव्हता. शेजारच्या मत्स्यालयाला वाढायला जागा हवी होती. लोकांनी आवाज उठवला, म्हणून तो वाचला. शेजारच्या अॅस्ट्रोलँड उद्यानाच्या मालकांनी तो भाड्याने घेऊन दुरुस्त केला आणि ३ जुलै १९७५ रोजी पुन्हा सुरू केला. भावंडांचे नशीब तसे नव्हते. टॉर्नेडो १९७७ साली आगीत गेला. थंडरबोल्ट कित्येक वर्षे गंजत पडला होता, तो २००० साली नगरपालिकेने पाडला.

सायक्लोनला १९८८ साली शहराच्या वारसा-यादीत जागा मिळाली. पण वारसा म्हणून जपायचे ते नेमके काय? समुद्राच्या खाऱ्या हवेत फळी फार वर्षे टिकत नाही. तेव्हा हिवाळ्यात उद्यान बंद झाले की सुतार रुळांवर चढतात, कुजलेल्या फळ्या काढतात आणि त्याच वळणावर, त्याच उतारावर नव्या ठोकतात.