विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी

पंचविशीतल्या मुलाची कंबर चार-सहा महिने दुखत राहिली, की घरात कारणं तयार असतात. बाइक फार चालवतो, दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसतो, गादी मऊ आहे. तरीही दुखणं हटलं नाही तर कुणीतरी ‘मणक्यात गॅप आलाय’ असं सांगून टाकतं, आणि कमरेला पट्टा नि सक्तीची विश्रांती सुरू होते. बहुतेक कंबरदुखी खरोखरच साधी असते, काही आठवड्यांत जाते. पण काही जणांच्या शरीरातली प्रतिकारयंत्रणा कण्याच्या सांध्यांवरच उलटलेली असते. कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना जोडला जातो, त्या सॅक्रोइलिॲक सांध्यांत दाह सुरू होतो आणि तिथून वर सरकू लागतो. हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. तो ओळखायला जगभरात सरासरी सहा-सात वर्षं जातात. ती वर्षं नेमकी शिक्षणाची, पहिल्या नोकरीची, लग्नाची असतात, आणि ती वाया जाण्यात आपल्या समजुतींचा वाटा मोठा आहे.

सगळ्यात महागात पडते ती विश्रांतीची समजूत. लचक भरली किंवा स्नायू आखडला, तर दुखणं श्रमाने वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. दाहाचं दुखणं याच्या उलट वागतं. ते उत्तररात्री झोपेतून उठवतं. कूस बदलणं जड जातं. उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या की थोडं सैल वाटतं. सकाळी कंबर अर्धा तास, कुणाची दोन तासही धरलेली राहते आणि हिंडू-फिरू लागल्यावर मोकळी होते. कधी उजव्या कुल्ल्यात दुखतं, कधी डाव्या. सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही, कारण काही जड उचललेलं नसतं, कुठे पडलेलंही नसतं. म्हणूनच सकाळी मोजे घालताना कळवळणारा मुलगा संध्याकाळी क्रिकेट खेळताना दिसतो आणि घरचे म्हणतात, नाटकं करतो. तो नाटक करत नाही. त्या आजाराचं लक्षणच ते आहे. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली आणि अशा वळणाची कंबरदुखी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवायलाच हवी. तिच्यावर महिनाभराची बेड रेस्ट हा उपाय नाही, त्याने सांधे आणखी आखडतात.

‘पण एक्स-रे नॉर्मल होता’, हे वाक्य अशा रुग्णांच्या फायलीत हमखास सापडतं. एक्स-रेवर दिसण्याइतका बदल व्हायला अनेक वर्षं लागू शकतात. एमआरआयवर दाह बराच आधी दिसतो, पण तो सॅक्रोइलिॲक सांध्यांचा काढला तर. कमरेच्या मणक्यांचा नेहमीचा एमआरआय काढला, की बऱ्याचदा हे सांधे नीट तपासलेच जात नाहीत. उलट एखादी डिस्क थोडी फुगलेली दिसते आणि सगळा दोष तिच्यावर जातो. १९९४ साली अमेरिकेत पाठीचं कोणतंही दुखणं नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय तपासले, तर निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे फुगलेली डिस्क होती. रिपोर्टातला तो ‘बल्ज’ रुग्णाच्या वेदनेचं कारण असेलच असं नाही.

रक्ताच्या तपासण्यांचीही अशीच गल्लत होते. ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह, म्हणजे संधिवात नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ती तपासणी बोटांचे सांधे सुजवणाऱ्या आमवातासाठी आहे. या आजारात ती निगेटिव्हच असायची. ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे निर्देशक वाढलेले असतील तर मदत होते, पण बऱ्याच रुग्णांत तेही नॉर्मल असतात. राहिलं एचएलए-बी२७. या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला. युरोपीय वंशाच्या रुग्णांत ते सुमारे ९० टक्के लोकांत सापडतं. तरीही ते जनुक असलेल्या शंभरातल्या नव्वदहून अधिक लोकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ते नसलेल्या काहींना होतो. कंबर दुखत नसताना केवळ भावाला आहे म्हणून ही तपासणी करून घेणारे आणि रिपोर्ट पाहून झोप उडालेले लोक आहेत. त्यांनी स्वतःला रुग्ण समजू नये.

हा पुरुषांचा आजार आहे, असं पूर्वी डॉक्टरही शिकत. त्याची किंमत बायकांनी मोजली. एक्स-रेवर बदल दिसण्याआधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं असतं. बाईची कंबर दुखली की ‘बाळंतपणात कंबर गेली’ म्हणायचं, किंवा सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईला दोष द्यायचा, आणि विषय संपवायचा. त्या सुईने कायमची कंबरदुखी लागते याला आधार मिळालेला नाही. पहाटे दुखण्याने जाग येते का, हा प्रश्न त्या बाईला कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आजार फक्त पाठीत राहतो असंही नाही. टाच दुखते, दीर्घ श्वास घेताना बरगड्या दुखतात, काहींचे खुबे खराब होतात. साधारण चौघांतल्या एकाला केव्हा ना केव्हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह होतो: एक डोळा लाल, ठणकणारा, उजेड सहन न होणारा. ‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप्स आणून घालण्यात दृष्टीला धोका आहे. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

आता उपचार. ‘याला औषध नाही’ हे अर्धसत्य आहे. हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. पहिली औषधं म्हणजे नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन यांसारख्या गोळ्या. त्यांना पेनकिलर म्हणून लोक घाबरतात, अर्धवट सोडतात. या आजारात त्या दाहावरच काम करतात. पोट, किडनी, रक्तदाब यांवर डॉक्टरांचं लक्ष मात्र हवं. आमवातात दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा कण्यासाठी उपयोग होत नाही. ते हातापायांच्या सांध्यांसाठी. गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. त्यांतल्या अडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती २०१४ साली भारतातच बाजारात आली, त्यामुळे खर्च उतरला, तरी अनेक घरांना तो अजून झेपत नाही. ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी आपल्याकडे अत्यावश्यक आहे, कारण दबलेला टीबी त्यांनी उसळू शकतो. लेबल नसलेल्या ‘वाताच्या’ पुड्यांपासून दूर राहावं. त्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणूनच आठवड्यात गुण येतो, आणि म्हणूनच पुढे हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

आंबट बंद, बटाटा बंद, डाळ बंद, या पथ्यांनी हा आजार थांबत नाही. सिगरेट बंद करणं मात्र खरंच गरजेचं आहे, कारण धूम्रपानाने कण्याचं नुकसान वाढतं.

रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे: पोहणं, पाठ सरळ ठेवणारे ताण, खोल श्वसन, रोज थोडा वेळ पालथं झोपणं. कंबर ‘बसवून’ घेण्यासाठी हाडवैद्याकडे जाऊन झटके घेणं घातक आहे. या आजारात मणके एकमेकांना जुळत जाऊ शकतात. असा जुळत आलेला कणा ताठ असतो, पण आतून विरळ झालेला; साध्या पडण्यानेही मोडू शकतो. अशा रुग्णाची मान किंवा पाठ पडल्यानंतर नव्याने दुखू लागली, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी सीटी स्कॅनचा आग्रह धरावा.

लग्न ठरताना हा आजार लपवला जातो, मुलींच्या बाबतीत जास्तच. आई होण्याला त्याची आडकाठी नाही, आणि आई किंवा वडील रुग्ण असले तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. औषधांचं नियोजन मात्र आधी करावं लागतं: मेथोट्रेक्सेट चालू असेल तर गर्भधारणेच्या काही महिने आधी ते थांबवावं लागतं, काही बायोलॉजिक गरोदरपणातही चालू ठेवता येतात. कोणतं ठेवायचं, कोणतं सोडायचं, हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट यांनी मिळून ठरवायचं असतं.