आबांची भट्टी

दर रविवारी दुपारी आमच्या घरी पाच-सहा जण जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, मध्येच ओरडतात, मध्येच एकदम गप्प होतात. शेजारच्या काकूंनी एकदा आईला हळूच विचारलं, "पत्ते खेळतात का गं? पैसे लावून?" आईने त्यांना आत आणून दाखवलं: वह्या, पेन्सिली, शेवेचा डबा आणि वीस बाजूंचे फासे. काकूंची शंका फिटली की नाही कोण जाणे, पण पुढच्या रविवारी त्यांचा मुलगाही येऊन बसला.

आम्ही खेळतो तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढलेला खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि एकाने डंजन मास्टर व्हायचं, म्हणजे उरलेलं सगळं जग: गावं, राक्षस, पाऊस, खानावळवाला. आमच्याकडे तो मी. पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, जमलं की नाही ते फासा सांगतो आणि पुढे काय झालं ते मी सांगतो. वाटणी इतकी सरळ वाटते. पण खेळ सुरू होण्याआधी त्या पात्राच्या आयुष्यात जे घडून गेलं, ते कुणाचं? यावरून आमच्या घरात तीन दिवस अबोला होता.

माझी मामेबहीण खेळायला आली तेव्हा पात्राची दीड पान गोष्ट लिहून घेऊन आली. ब्रुना नावाची ड्वार्फ लोहारीण. तिच्या गावची मोठी भट्टी विझलेली. काम संपलं तरी तिचे आजोबा रोज सकाळी डबा घेऊन भट्टीवर जातात आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येतात.

मी वाचताक्षणी ओळखलं. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांना हे समजावून सांगायला नको. आमचे आबा, म्हणजे माझ्या आईचे आणि तिच्या बाबांचे वडील, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते कित्येक महिने डबा घेऊन निघायचे आणि फाटकापाशी इतरांबरोबर बसून यायचे. घरात कुणी विचारायचं नाही. आम्ही दोघांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, सगळं आज्जीच्या तोंडून ऐकलेलं.

चार-पाच महिने गेले. मध्ये तिची तक्रारही झाली की, "दादा, माझ्या पानाचं तू काही करतच नाहीस. रद्दीत घातलंस का?" म्हणून मी केलं. गुहेतला ड्रॅगन ब्रुनाकडे बघून हसला आणि म्हणाला, तुझ्या आजोबांनीच ती भट्टी विझवली, माझ्याकडून सोनं घेऊन. टेबलावर "अरे बाप रे!" झालं. मी स्वतःवर फार खूश होतो.

तिने फासे पिशवीत भरले.

"दादा, हे तू नाही ठरवायचं."

"अगं, खेळात आहे ते."

"खेळातही नाही."

मग मीही चिडलो. "आबा माझेही होते."

"मग तू तुझ्या पात्रात घाल ना. माझ्या कागदावर का हात घातलास?" असं म्हणून ती चहा न घेता निघून गेली.

नियम माझ्या बाजूने आहेत हे दाखवायला मी पुस्तकं काढली. सुरुवातीच्या खेळात हा प्रश्नच जवळजवळ नव्हता. तीन फासे सहा वेळा टाकायचे, ताकद, बुद्धी वगैरे आकडे लिहायचे आणि गुहेत शिरायचं. पात्र पहिल्याच दुपारी मरण्याची शक्यता, त्याचं चरित्र कोण लिहीत बसणार? १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये भूतकाळ आहे, पण तो फाशांचा. चार-चार वर्षांची नोकरी, प्रत्येक टप्प्यात जगण्यासाठी फासे टाकायचे, आणि ते चुकले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र संपलं! 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पुस्तकात स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष लिहायला सांगतात. तक्त्यातून निवडा, फासा टाका, नाहीतर स्वतः रचा. मला सगळ्यात गंमत 'फेट'ची वाटली. तिथे तुमचं जुनं साहस तुम्ही लिहायचं आणि कागद दुसऱ्याकडे द्यायचा. त्यात आपण कुठे होतो ते तो लिहितो. लग्नघरात एक आत्या किस्सा सुरू करते आणि दुसरी म्हणते, "अगं, मीच तर होते तिथे," तसं.

मला हवा होता तसा नियम काही सापडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. इतकी वर्षं माझ्याकडे खेळायला येणाऱ्यांची पात्रं बहुतेक अनाथ का असतात? आई-बाप लिहिले की मास्टर त्यांना मारणार, पळवणार, नाहीतर खलनायक काढणार, हे सगळे शिकलेले असतात. हिने आजोबा जिवंत ठेवले होते. ब्रुनाच्या गावावर ड्रॅगन आणणं, आजोबांचा डबा चोरीला जाणं, हे मी बेलाशक करायला हवं होतं. ते कोण होते हे उलटवणं वेगळं.

बुधवारी मामाकडे गेलो. मामींनी पोहे पुढे ठेवले आणि मी तिचं पान पुढे ठेवलं. तिने तीन पेनं आणली. हिरव्या रेघेच्या ओळी माझ्या, वाटेल ते कर. निळ्या, आधी विचार. लाल, हात लावायचा नाही. आजोबांची ओळ लाल झाली. रविवारी सगळ्यांनी आपापली पानं रंगवली. काकूंच्या मुलाने पात्राचं घर, गाव, गुरू सगळं हिरवं केलं आणि फक्त कुत्रा लाल.

ड्रॅगनचं काय करायचं? तो खोटं बोलला म्हणू या, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "नको. ब्रुनाला अजून खरं माहीत नाही, असं राहू दे. मी सांगेन."

दोन महिन्यांनी ब्रुना गावी पोचली. मी विचारलं, फासा टाकतेस का? "नाही, हे लाल आहे," ती म्हणाली, आणि आजोबांच्या आवाजात हळूहळू बोलली. भट्टी विझणार हे त्यांना वर्षभर आधी कळलं होतं. त्यांनी घरात सांगितलं नाही, कारण लेकीचं लग्न ठरलं होतं आणि पाहुण्यांना कळलं असतं तर मोडलं असतं.

मी केलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं. कुणी "अरे बाप रे" म्हणालं नाही. मी मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आबांना लेक एकच.

रात्री आईने विचारलं, "तिला हे कुणी सांगितलं?"

"आज्जीने असेल."

"मला नाही कधी सांगितलं," आई म्हणाली, आणि ओटा पुसत राहिली.

पुढच्या रविवारी ती मटार सोलायला टेबलाच्या टोकाशी येऊन बसली. मटार संपले तरी उठली नाही.