जुन्या गेम-यंत्रांसाठी खेळनिर्मितीची साधने : हौशी प्रकल्पांतील महत्त्वाकांक्षा आणि तिची किंमत

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात प्रकल्पांचे प्रस्ताव मागविले की ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालय व्यवस्थापन, दुकानाची बिले करणारी आज्ञावली हे विषय हमखास येतात. यांतील बरेच प्रकल्प तयार स्वरूपात विकत मिळतात, ही गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. अशा ढिगात अधूनमधून एखादा निराळा प्रस्ताव आढळतो : जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर चालणारे खेळ कोणासही, आज्ञावलीची एक ओळही न लिहिता, तयार करता यावेत असे सॉफ्टवेअर बनविणे. प्रस्तावाचा आवेश मोठा असतो. हव्या त्या प्रकारचे खेळ, तीन-चार प्रकारची यंत्रे, संगीतासाठी स्वतंत्र संपादक, चित्रांसाठी स्वतंत्र संपादक आणि हे सर्व दोन सत्रांत.

असा प्रस्ताव फेटाळावा की स्वीकारावा? फेटाळला तर तो विद्यार्थी पुन्हा ग्रंथालय व्यवस्थापनाकडे वळतो, आणि स्वीकारला तर वर्षअखेरीस केवळ काही रिकाम्या खिडक्या व एक देखणे बोधचिन्ह हाती येण्याचा संभव असतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रकल्प व कार्यप्रशिक्षणास श्रेयांक दिले जात असताना हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. अशा प्रकल्पांत नेमके अवघड काय असते आणि जे थोडे प्रकल्प तडीस गेले ते कोणत्या कारणांनी गेले, हे संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांसही समजावे अशा रीतीने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

निन्तेन्दो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेत ते १९८५ पासून 'एनईएस' या नावाने विकले गेले. भारतात मूळ यंत्रापेक्षा त्याच्या नकलाच अधिक पोहोचल्या. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची 'समुराई', 'लिटल मास्टर' यांसारखी यंत्रे आणि त्यांच्या पिवळ्या-लाल कॅसेट अनेक मध्यमवर्गीय घरांत होत्या. ज्यांनी लहानपणी ही यंत्रे हाताळली, ते आज चाळिशीच्या आसपास आहेत. आजच्या विद्यार्थ्याला मात्र हे खेळ मोबाइलवरील अनुकरण-आज्ञावलीतूनच, म्हणजे एम्युलेटरमधून, भेटतात. यंत्र त्याने पाहिलेले नसते आणि त्यामुळे यंत्राचा कोतेपणाही अनुभवलेला नसतो.

सामान्य माणसाला स्वतःचा खेळ करता यावा ही कल्पना नवी नाही. बिल बज यांचा 'पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट' १९८३ चा. फॅमिकॉमसाठी कळफलकासह 'फॅमिली बेसिक' १९८४ मध्ये निघाले. त्यात वापरकर्त्याच्या आज्ञावलीसाठी सुमारे २ किलोबाइट जागा होती. १९९२ मध्ये ॲस्की या जपानी कंपनीने कथाप्रधान खेळ रचण्यासाठी काढलेल्या साधनातून पुढे 'आरपीजी मेकर' ही मालिका विकसित झाली. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये 'गेम मेकर'ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एका अध्यापकाच्या फावल्या वेळातील कामापासून सुरू झालेले हे साधन आजही वापरात आहे, याची नोंद आपण विशेषत्वाने घ्यावयास हवी.

ही उदाहरणे पाहूनच हौशी मंडळींना वाटते की हेच साधन जुन्या यंत्रासाठी केले की झाले. अडचण येथे सुरू होते.

यंत्राच्या मर्यादा झाकता येत नाहीत

आधुनिक संगणकासाठी खेळनिर्मितीचे साधन करणाऱ्यास स्मृती व वेग यांची उधळपट्टी परवडते. फॅमिकॉममध्ये कामकाजासाठी २ किलोबाइट स्मृती, चित्रांच्या मांडणीसाठी आणखी २ किलोबाइट, आणि सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार आवर्तने करणारा प्रक्रियक आहे. पडद्यावरील हलती चित्रे म्हणजे 'स्प्राइट' एकूण ६४, आणि एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त ८. स्प्राइट ८ बिंदू रुंदीचा असतो. म्हणून १६ बिंदू रुंदीच्या एका पात्रास प्रत्येक रेषेवर दोन स्प्राइट लागतात. याचा अर्थ, अशी चार पात्रे एका ओळीत आली की मर्यादा संपली. पाचवे पात्र त्या ओळीत दिसतच नाही. जुन्या खेळांत पात्रे लुकलुकताना दिसत, ती काही बिघाडामुळे नव्हे. सर्वांना आळीपाळीने दिसू देण्याची ती प्रोग्रामरची युक्ती होती.

आता साधन तयार करणाऱ्याची अवस्था पाहावी. त्याने वापरकर्त्याला आश्वासन दिलेले असते : 'पात्र उचला, पडद्यावर ठेवा.' वापरकर्ता सहा पात्रे एका ओळीत ठेवतो. साधनाने त्याला अडवावे, सावध करावे, की लुकलुकण्याची व्यवस्था स्वतः करावी? प्रत्येक पर्यायाला निराळी आज्ञावली लागते आणि तिला पुन्हा यंत्राचा वेळ लागतो.

वेळाचे गणित तर याहून कठोर आहे. अमेरिकी व जपानी पद्धतीच्या यंत्रावर सेकंदाला सुमारे ६० चित्रचौकटी उमटतात, म्हणजे एका चौकटीस साधारण २९,७८० आवर्तने मिळतात. परंतु पडद्यावरील पार्श्वभूमी बदलावयाची ती चौकट रेखाटून संपल्यानंतरच्या विरामात, आणि तो विराम सुमारे २,२७० आवर्तनांचा असतो. त्यातील पाचशेहून थोडी अधिक आवर्तने स्प्राइटांची यादी पाठविण्यात जातात. उरलेल्या सुमारे १,७५० आवर्तनांत एकेक बाइट वाचून लिहिण्यास किमान ८ आवर्तने धरली, तरी दोनशेच्या आसपासच बाइट बदलता येतात. संपूर्ण पडद्याची मांडणी १,०२४ बाइटांची असते. तेव्हा 'एका क्षणात दृश्य बदला' अशी सोपी वाटणारी आज्ञा एका विरामात पूर्ण होणेच अशक्य. पडदा काही काळ बंद करावा लागतो किंवा बदल अनेक चौकटींत विभागावा लागतो.

साठवणीचेही तसेच. मूळ रचनेतील कॅसेटमध्ये आज्ञावली व माहितीसाठी ३२ किलोबाइट जागा असे. प्रत्येक दृश्य १,०२४ बाइटांचे धरले, तर ३२ दृश्यांतच ती जागा संपते आणि खेळ चालविणाऱ्या आज्ञावलीस एक बाइटही उरत नाही. म्हणून जुने प्रोग्रामर दृश्य १६ बिंदूंच्या मोठ्या चौकोनांत रचीत. मग एका दृश्यास २४० बाइट पुरतात. मात्र हा निर्णय घेतला की चित्रकाराचे स्वातंत्र्य तेवढे कमी होते. सर्व प्रकारच्या खेळांस एकच रचना पुरेल असे साधन का होत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. कोड्याच्या खेळाला सोयीची मांडणी धावत्या खेळाला गैरसोयीची ठरते, आणि दोन्हींची सोय ठेवावी तर यंत्रात जागा उरत नाही.

जे तडीस गेले

'अटारी २६००' या यंत्रात तर केवळ १२८ बाइट कार्यस्मृती. या यंत्रासाठी फ्रेड क्विम्बी यांनी २००५ च्या सुमारास 'बटारी बेसिक' ही भाषा तयार केली. पडदा रेखाटण्याचे अत्यंत किचकट काम त्यांनी एका ठरावीक साच्यात बसविले आणि त्या साच्यात जे बसेल तेवढेच वापरकर्त्यास देऊ केले. साच्याबाहेरचे हवे असेल त्याने असेंब्ली शिकावी. हा व्यवहार स्पष्ट होता आणि त्यामुळे त्यातून प्रत्यक्ष खेळ निर्माण झाले.

अमेरिकेतील जो ग्रनाटो व त्यांच्या सहकाऱ्यांचे 'एनईएसमेकर' २०१८ मध्ये लोकवर्गणीच्या आधारे पुढे आले. 'मिस्टिक सर्चेस' नावाचा स्वतःचा एक खेळ पूर्ण करण्याच्या खटपटीत त्यांनी जी उपकरणे रचली, त्यांतून हे साधन घडले. असेंब्ली येत नसली तरी चालेल असे त्याचे आकर्षण होते. प्रत्यक्षात साच्यापेक्षा वेगळे काही करू पाहणाऱ्या वापरकर्त्याला असेंब्लीतील तुकडे उघडून दुरुस्त करावेच लागतात. माझ्या मते यात फसवणूक नाही. झाकण घट्ट बसत नसेल तर ते उघडता येण्याजोगे ठेवणे हा प्रामाणिक मार्ग होय.

याहून अधिक शिकण्यासारखे उदाहरण ख्रिस मॉल्टबी यांच्या 'जीबी स्टुडिओ'चे. १९८९ च्या 'गेम बॉय' या हातात धरावयाच्या यंत्रासाठीचे हे साधन २०१९ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. आरंभीच्या आवृत्तीत वरून दिसणारे, चालत जाऊन संवाद करावयाचे खेळच तेवढे करता येत. उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे खेळ पुढच्या आवृत्त्यांत आले. शिवाय संकलक त्यांनी नव्याने लिहिला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हौशी मंडळींनी जोपासलेला 'जीबीडीके' हा संच पायाला घेतला. एकूण पाहता दहा वर्षांहून जुन्या कामावर एक अरुंद, परंतु संपूर्ण इमारत उभी राहिली.

फसलेल्या प्रकल्पांची नावे देण्यात स्वारस्य नाही. ते बहुधा नावापलीकडे गेलेलेच नसतात. त्यांचा क्रम मात्र उलटा असतो. आधी खिडक्या व कळी, मग स्वतःची नवी भाषा, मग अनेक यंत्रांचा आधार, आणि खेळ सर्वांत शेवटी. यंत्रावर पूर्ण चालणारा एकही खेळ न करता खेळ करण्याचे यंत्र रचावयास घेणे म्हणजे भाकरी न थापता पोळीभाजी केंद्राचा फलक रंगविणे होय.

अभ्यासक्रमाशी असलेला धागा

आपल्या विद्यार्थ्यांस हा विषय वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्रातील विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांत रमेश गांवकर यांच्या पाठ्यपुस्तकावर ८०८५ प्रक्रियक शिकलेल्या पिढ्या आहेत. गेम बॉयचा प्रक्रियक ८०८५ च्या पूर्वसुरीच्या, म्हणजे ८०८० च्या, वंशातील असून ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही नोंदकांची नावे तेथेही तीच आहेत. प्रयोगशाळेत दोन संख्यांची बेरीज करून संपणारे ८०८५ चे शिक्षण येथे एका दृश्य, हलत्या परिणामाशी जोडता येते.

म्हणून प्रस्ताव आला असता मार्गदर्शकाने प्रथम एका यंत्रावरील एका दृश्याचा पूर्ण खेळ हाताने लिहून मागावा. तो झाल्यावर त्यातील कोणते काम पुन्हा पुन्हा करावे लागले, हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे आणि त्या एकाच कामाचे साधन करावे. गुणदानात 'वैशिष्ट्यांची यादी' या सदराला वजन देऊ नये, आणि प्रकल्प अपुरा राहिल्यास तो कोठे व कोणत्या गणितामुळे अडला, याच्या लेखी विवेचनाला गुण द्यावेत. विकत आणलेल्या पूर्ण प्रकल्पापेक्षा असे विवेचन मला अधिक मोलाचे वाटते. या भूमिकेवर सहकाऱ्यांचा आक्षेप असू शकतो, कारण अपुरेपणाला गुण देण्याची सवलत आळशी विद्यार्थीही वापरील. तो धोका हाताने लिहिलेल्या पहिल्या खेळाच्या अटीमुळे बराचसा टळतो.

मराठीपुरता एक लहान प्रकल्प

या क्षेत्रात आपल्याकडच्या विद्यार्थ्यालाच सुचावा असा एक प्रश्न देवनागरीचा आहे. गेम बॉयवर अक्षरे ८ × ८ बिंदूंच्या चौकोनांत बसतात आणि असे ३८४ चौकोन एका वेळी चित्रस्मृतीत राहतात. रोमन लिपीला शंभराच्या आत चौकोन पुरतात. जपानी खेळांतही १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये जागेअभावी निवडक काताकाना अक्षरेच वापरली होती. मराठीची ३६ व्यंजने बाराखडीसह घेतली तर ४३२ अक्षरे होतात. मात्रा, वेलांटी व उकार धरून प्रत्येकास किमान चार चौकोन लागले तर १,७२८ चौकोन, आणि जोडाक्षरे अद्याप बाजूलाच.

तेव्हा सर्व अक्षरे साठविण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. संवादाची चौकट १८ × ४, म्हणजे ७२ चौकोनांची धरली, तर संगणकावर आधीच वाक्य रेखाटून त्याचे ७२ चौकोन यंत्रास देता येतात. प्रत्येक चौकोन १६ बाइटांचा, म्हणून एका संवादास १,१५२ बाइट. ३२ किलोबाइटमध्ये असे २८ संवाद बसतात. शिरोरेषेच्या वरचे रिकामे चौकोन आणि पुन्हा पुन्हा येणारे चौकोन एकदाच साठविले तर ही संख्या वाढते. किती वाढते, हे मोजणे विद्यार्थ्याचे काम. युनिकोडमधील मराठी वाक्य घेऊन गेम बॉयसाठी चौकोन काढून देणारी ही आज्ञावली एका सत्रात होण्याजोगी आहे, तिची चाचणी मराठीचे अध्यापकही घेऊ शकतील, आणि रफार, 'ऱ्य', 'द्ध', 'श्र' यांच्या यादीपासून त्या चाचणीस आरंभ करता येईल.